केसपेपरवर एक रकाना वाढवा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : तरुण मुलांच्या पहिल्या मनोविकारात उपचाराआधी वाया जाणारे दिवस मोजण्याबाबत

स.न.वि.वि.

मी तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी. प्राथमिक शाळेत शिकवते. हे पत्र माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे आणि त्याला विचारून लिहिलं आहे. त्याने दोन अटी घातल्या : नाव द्यायचं नाही आणि 'बिचारा' म्हणायचं नाही.

२ डिसेंबर २०२३ च्या रात्री तो मिरज स्टेशनच्या बाकावर बसलेला सापडला. घरातून चालत निघाला होता, पायात चप्पल नव्हती. आपल्या मागावर माणसं आहेत आणि आपण घरी राहिलो तर ती आई-आबांनाही सोडणार नाहीत, अशी त्याची खात्री झाली होती. म्हणजे तो आम्हाला वाचवायला निघाला होता. आत्याच्या मुलाच्या जीपमधून त्याला दवाखान्यात नेलं. जीपमध्ये आम्ही त्याचे हात उपरण्याने बांधले. ते लिहायला लाज वाटते, पण तसं झालं.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी नीट विचारपूस केली. पहिला प्रश्न : "कधीपासून असं आहे?"

आबा म्हणाले, "पहिल्या गोडी छाटणीच्या आधीपासनं."

"म्हणजे?"

"म्हंजे गेल्या सालच्या. घट बसले त्या दिवशी."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'एक वर्षापासून'. पुढे आजाराचं नाव, गोळ्यांची नावं. गोडी छाटणी म्हणजे पावसाळा संपताना फळासाठी होणारी द्राक्षवेलींची छाटणी. आबांनी नेमका दिवस सांगितला होता, पण कागदावर तो लिहायला जागा नव्हती. २०२२ ची घटस्थापना २६ सप्टेंबरला होती. तिथपासून त्या रात्रीपर्यंत ४३२ दिवस होतात. ते मी नंतर मोजले. सरकारी कागदावर ते कुठेच नाहीत, म्हणून हे पत्र.

घटाला तो पुण्याहून आला तेव्हा वीस वर्षांचा होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आल्या आल्या त्याने मोबाईल गव्हाच्या डब्यात ठेवला. आईने विचारलं तर म्हणाला, "ऐकतात." आम्ही हसलो. नवीन काही खूळ असेल. आरतीला आला नाही. ताट वाढलं तर उठून स्वतः भाकरी घेऊन आला, दुसऱ्याने वाढलेलं खाईना. रात्री दोन-तीन वाजता अंगणात फेऱ्या मारायचा. जो पोरगा आंघोळीला अर्धा तास लावायचा, तो चार-चार दिवस पाण्याला शिवेना. यातलं एकेक सुटं धरलं तर काहीच नाही. वीस वर्षांची मुलं विचित्र वागतातच. पण आबांना काहीतरी खटकलं होतं. ते आईला म्हणाले होते, "पोरगं आपल्याकडं बघतंय, पण आपल्याला बघत न्हाई." डॉक्टर ज्याला सायकोसिस म्हणतात, म्हणजे खरं काय आणि भास काय हे न कळणं, त्याची इतकी नेमकी खूण मी नंतर कुठेच वाचली नाही. आणि ती पहिल्या दिवशीच आमच्या घरात कुणीतरी बोलून गेलं होतं.

मग ४३२ दिवस गेले कुठे?

सव्वाशेच्या आसपास हॉस्टेलवर. खोलीतला मित्र घाबरून दुसऱ्या खोलीत गेला. रेक्टरांनी गांजाचा संशय घेतला, खोली तपासली. काही सापडलं नाही, तेव्हा हजेरी कमी म्हणून घरी पाठवून दिलं. (गांजा सापडला असता तरी काय? गांजाने या आजाराचा धोका वाढतो हे मला आता माहीत आहे. म्हणजे सापडला असता तर डॉक्टरकडे नेण्याचं कारण आणखी पक्कं झालं असतं.) फेब्रुवारीत आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून बी-कॉम्प्लेक्स आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. मार्चमध्ये मेंदूचा एमआरआय झाला. रिपोर्ट नॉर्मल आला आणि आम्ही पेढे वाटले. नॉर्मल म्हणजे आजार नाही, असं आम्हाला वाटलं. मनोविकारांपैकी बहुतेक एमआरआयमध्ये दिसतच नाहीत. मेंदूची गाठ, मेंदूज्वर, थायरॉईड असं शरीराचं काही कारण नाही ना, एवढंच आधी पाहून घ्यायचं असतं. हे सांगायला कुणाला दोन मिनिटं लागली असती.

पुढचे नव्वद दिवस माझ्यामुळे गेले. माझं लग्न ठरलं होतं. एका पाहुण्यांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं, 'आत्ता वेड्याच्या डॉक्टरकडं गेलात आणि सोयऱ्यांना कळलं, तर?' आबांनी मला विचारलं नाही. पण मला सगळं दिसत होतं आणि मी गप्प बसले. हळदीच्या दिवशी तो वरच्या खोलीत होता, बाहेरून कडी होती. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये भाऊ नाही. 'भारतीयांच्या मनात मनोविकाराविषयी गैरसमज आहेत' अशा वाक्यांनी भरलेली पत्रकं तुमचं खातं छापतं. त्या गैरसमजांत मी स्वतः होते. शिकलेली, पगारदार.

जून-जुलैत देवऋषी झाला. करणी निघाली, उतारे झाले, लिंबं झाली. आमच्या सुदैवाने त्याने मारहाण केली नाही. तशी केली तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे आणि असायलाच हवा. तरीही एक सांगते. त्या वर्षभरात माझ्या भावासमोर दोन तास बसून त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा तो एकमेव माणूस होता. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातारच्या दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाने दर्ग्याचे मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ यांची सांगड घातली गेली : दुआ तिथे, दवा शेजारच्या खोलीत. आपल्याकडे हे पटणाऱ्यांपेक्षा न पटणारे जास्त भेटतील. मला पटतं. आमच्या देवऋषाला कुणी शिकवलं असतं की 'कानात आवाज येतात असं पोरगं म्हणालं तर उतारा कर, पण उद्या दवाखान्यात पाठव', तर त्याने पाठवलं असतं. त्याचं गिऱ्हाईक थोडंच तुटणार होतं!

ऑक्टोबरात आम्ही शेवटी जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. मनोविकारतज्ज्ञ महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी येतात असं कळलं. त्या दिवशी गेलो तर ते दुसऱ्या कामावर होते. पुढच्या महिन्यात दिवाळी आली. त्याच्या पुढच्या महिन्यात मिरज स्टेशन.

आमच्यासारखं फक्त आपल्याकडेच होतं असं मी म्हणत नाही. अमेरिकेत २१ राज्यांतल्या ३४ साध्या दवाखान्यांमध्ये पहिल्यांदा सायकोसिस झालेल्या तरुणांचा एक मोठा अभ्यास झाला, 'रेझ' नावाचा. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यात आजार सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा मधला काळ, म्हणजे निम्म्या रुग्णांना ज्याहून जास्त वेळ लागला तो आकडा, ७४ आठवडे निघाला. आमचे ६२. म्हणजे तासगाव तालुक्यातलं एक कुटुंब देवऋषी, लग्न आणि दिवाळी करूनसुद्धा अमेरिकेच्या पुढे! फरक एवढाच की त्यांनी मोजलं. मोजलं म्हणून कळलं, की ज्यांचा हा काळ कमी होता त्यांना चांगल्या उपचारांचा फायदा जास्त झाला. डॉक्टर लोक या काळाला नाव देतात, 'उपचाराविना गेलेला काळ'. तो जितका लांबतो तितकं माणूस परत उभं राहायला जड जातं, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आजार बहुधा सुरू होतो पंधरा ते तीसच्या दरम्यान, म्हणजे नेमका बारावी, कॉलेज, पहिली नोकरी आणि लग्न यांच्या वयात. तिथे वर्ष गेलं की फक्त वर्ष जात नाही. परीक्षा जाते, मित्र जातात, आणि 'हा असाच' हे गावाचं मत पक्कं होतं.

इंग्लंडने २०१६ च्या एप्रिलपासून नियम केला : पहिल्यांदा सायकोसिसची शंका आलेल्यांपैकी किमान निम्म्या लोकांचे उपचार, नाव पाठवल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सुरू झाले पाहिजेत. नॉर्वेत स्टाव्हांगरच्या भागात त्याही आधी एक वेगळा प्रयोग झाला. वर्तमानपत्रांत जाहिराती, सिनेमागृहांत पट्ट्या, शाळाशिक्षकांना आणि गावच्या डॉक्टरांना प्रशिक्षण, आणि एक पथक, ज्याला चिठ्ठीशिवाय कुणीही फोन करावा. तिथे उपचाराविना जाणारा काळ ५ आठवड्यांवर आला. जिथे हे केलं नव्हतं तिथे तो १६ होता. आणि मग जाहिराती थांबवल्या, तर काळ पुन्हा वाढला. डॉक्टर तेच, दवाखाने तेच. फक्त भिंतीवरचं वाक्य गेलं होतं.

भिंतीवरच्या वाक्याची ताकद तुमच्या खात्याला मी सांगायला नको. आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मी लहान असल्यापासून वाचत आले आहे, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. शाळेत न गेलेल्या माझ्या आजीलाही ते पाठ होतं. शेजारणीला ती म्हणायची, "पंधरा दिस झालं की गं, बेडका दाखवून ये." तिला क्षयाचा जंतू माहीत नव्हता. दिवस माहीत होते. असंच एक वाक्य शेजारी रंगवा : तरुण मुलाची झोप उडाली आहे, माणसं तोडली आहेत, कुणी मागावर आहे असं म्हणतो किंवा कुणाला न ऐकू येणारं ऐकतो, आणि दोन आठवडे झाले, तर दाखवा. खाली १४४१६ लिहा. सरकारच्या 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, आमच्या घटस्थापनेनंतर बरोबर दोन आठवड्यांनी. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. आमच्या घरात तो पोचला डिसेंबर २०२३ नंतर, दवाखान्यातल्या सिस्टरने चिठ्ठीच्या मागे लिहून दिला तेव्हा.

इथे एक कबुली द्यायला हवी. अशी लक्षणं दिसणाऱ्या प्रत्येकाला सायकोसिस नसतो. बहुतेकांना पुढे होतही नाही. कुणाला नैराश्य असतं, कुणाला परीक्षेची भीती, कुणाच्या घरातच काही भयंकर चाललेलं असतं. म्हणून लवकर दाखवा म्हणजे लवकर गोळ्या चालू करा, असं मी म्हणत नाही. नुसती शंका असताना डॉक्टर बोलतात, झोप सुधारतात, दर काही आठवड्यांनी बघतात, आणि पुष्कळदा तेवढ्याने भागतं. गोळीची खरी गरज असते तेव्हाही पहिल्या वेळी थोड्या मात्रेवर बऱ्यापैकी काम होतं. उशीर झाला की कडी वाढते, उपरणं लागतं.

तुमच्याकडे यासाठी काहीच नाही असंही नाही. १९८२ पासून राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, १९९६ पासून जिल्ह्यांचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या अठराव्या कलमाने सरकारी खर्चाने चालणाऱ्या ठिकाणी उपचार मिळण्याचा हक्कच दिला आहे. किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहेत, पण ती १० ते १९ वयासाठी. माझा भाऊ 'मैत्री'साठी एक वर्षाने मोठा होता आणि बाकी सगळ्यासाठी 'अजून पोरगंच आहे'. आजार एकोणीस आणि वीसमधली रेघ पाळत नाही. मेलबर्नमध्ये १९९२ पासून चालणारं पहिल्या सायकोसिसचं केंद्र एकोणीसला न थांबता पुढच्या तरुण वयासाठीही उभं केलं, ते याचसाठी.

आणि आपल्याजवळ एक गोष्ट आहे जी त्यांच्याकडे कमी आहे. चेन्नईच्या 'स्कार्फ' या संस्थेने आणि कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या केंद्राने पहिल्यांदा आजारी पडलेल्या तरुणांना जवळपास सारखेच उपचार देऊन दोन्हीकडचा हिशोब मांडला. चेन्नईत उपचार अर्धवट सोडणारे फारच कमी निघाले. कारण ओपीडीच्या बाकावर आई, बाप, आत्या, मामा बसलेले असतात. तिथे कुटुंब उपचारात जास्त सामील होतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात तमिळनाडू, गोवा आणि आपला सातारा होता. स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे सायकोसिसच्याच एका लांबणाऱ्या आजाराच्या, रुग्णांच्या घरी गावातलीच, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं जायची. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा त्यांची थोडी का होईना, पण जास्त सुधारणा झाली. सातारा आमच्या शेजारचा जिल्हा. आमच्या गावात आशाताई दर आठवड्याला येतात, कोण गरोदर, कुणाची लस राहिली, कुणाला साखर, सगळं त्यांच्या वहीत असतं. वरच्या खोलीला बाहेरून कडी आहे हे त्यांना माहीत होतं. ते लिहायला वहीत पान नव्हतं. (त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम फुकट टाकू नका, ही वेगळी विनंती.)

आता रकान्याबद्दल. मी शिक्षिका आहे. रकाने भरण्याचा कंटाळा मला तुमच्या डॉक्टरांइतकाच आहे. आमचा अर्धा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. तरी मागते. जिल्हा रुग्णालय असो, ग्रामीण असो की मनोरुग्णालय, तीस वर्षांखालचं कुणी पहिल्यांदा अशा त्रासासाठी आलं तर केसपेपरवर तीन नोंदी व्हाव्यात : घरच्यांना पहिल्यांदा वेगळं वाटलं तो दिवस, मदतीसाठी पहिल्यांदा कुणाकडे गेले, आणि आज तारीख काय. नाव-गाव वर पाठवू नका. गोपनीयता कायद्यातच आहे आणि आमच्यासारख्या घरांना तीच जास्त प्यारी. फक्त दिवस पाठवा. वर्षाअखेर प्रत्येक जिल्ह्याचा आकडा लावा, जसा तुम्ही लसीकरणाचा लावता. २०१५-१६ मध्ये देशात मानसिक आरोग्याचं मोठं सर्वेक्षण झालं, बारा राज्यांत. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा निदान आपल्या दारात आलेल्यांचे दिवस तरी आपण मोजूया.

आकडा दिसू लागला की पुढचं तुम्हालाच करावंसं वाटेल, याची मला खात्री आहे. सांगलीचा आकडा कोल्हापूरपेक्षा मोठा निघाला तर जिल्हाधिकारी विचारतील. तज्ज्ञांचा महिन्यातला एक दिवस चुकला तर दुसरा दिवस लागेल, नाहीतर व्हिडिओवरून तरी तपासणी होईल. दुसऱ्या नोंदीत 'देवऋषी', 'रेक्टर', 'मेडिकल दुकान' असे शब्द पुन्हा पुन्हा आले की प्रशिक्षण कुणाला द्यायचं हे कमिटी न नेमता कळेल.

आणि एक : पहिली चिठ्ठी दिल्यावर दोन वर्षं तरी एकच ओळखीचं माणूस त्या मुलाच्या मागे असू द्या. पुढची पहिली दोन ते पाच वर्षंच महत्त्वाची असतात. माझ्या भावाने बरं वाटल्यावर सातव्या महिन्यात गोळ्या सोडल्या. वजन अकरा किलो वाढलं होतं, पँटी बसत नव्हत्या, कुणी त्याच्याशी त्याबद्दल बोललंच नव्हतं. सगळं पुन्हा सुरू झालं. या वेळी मात्र आबांनी तिसऱ्याच दिवशी ओळखलं आणि आम्ही चौथ्या दिवशी दवाखान्यात होतो. गोळी बदलली, साखर तपासली, चालायला सांगितलं. ना जीप लागली, ना उपरणं. ४३२ आणि ४ या दोन आकड्यांमधला फरक मी घरात पाहिला आहे.

तो आता तासगावात एका कृषी सेवा केंद्रात हिशोब बघतो. डिप्लोमाला प्रवेश घ्यायचं म्हणतो. हे पत्र मी त्याला वाचून दाखवलं तेव्हा त्याने एकच भर घालायला सांगितली. "ताई, सगळे मला विचारायचे, तुला झालंय काय? मला ते कसं कळणार? मला तर वाटायचं तुम्हालाच काहीतरी झालंय. त्याऐवजी कुणी विचारलं असतं, झोप लागते का रे, भीती वाटते का, तर मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं."

रकान्याचा मसुदा करायला तुमच्याकडे तज्ज्ञ आहेत. माझी एक सूचना. 'दिनांक' एवढंच छापू नका. तारीख आमच्याकडे कुणी सांगत नाही. 'दिनांक, सण किंवा हंगाम' असं छापा, आणि ओळ थोडी लांब ठेवा. म्हणजे पुढच्या वेळी कुणी आबा म्हणाले, 'गोडी छाटणीच्या आधी, घट बसले त्या दिवशी', तर ते आहे तसं लिहून घेता येईल.

कळावे,
आपली,
एक बहीण
तालुका तासगाव, जिल्हा सांगली